नाव न ऐकलेल्या लेखकाचं पुस्तक हातात घेताना

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की यंदा मला सगळ्यात जास्त आवडलेली दोन पुस्तकं लेखकांनी स्वतःच काढलेली होती, कुठल्याही मोठ्या प्रकाशकाचं नाव नसलेली. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. स्वतंत्र लेखक म्हणजे इथे मी दोघांनाही धरतेय, पुस्तक स्वतः छापणारा किंवा ईबुक स्वतः टाकणारा, आणि दोन-तीन माणसांनी चालवलेल्या छोट्या प्रकाशनातून येणारा.

प्रश्न : ताई, वाचायची आवड आहे पण अ‍ॅप उघडलं की तीच दहा-बारा पुस्तकं समोर येतात, दुकानात गेलं तरी पुढच्या टेबलावर तीच. हे स्वतंत्र लेखक सापडतात तरी कुठे? – एक वाचक

तुमची चूक काहीच नाहीये. अ‍ॅप जे सुचवतं ते बहुतेक करून आधी कोणी काय घेतलं, हे घेणाऱ्यांनी अजून काय घेतलं यावरून सुचवतं. आता ज्या पुस्तकाच्या चाळीसच प्रती गेल्यात त्याचा असला हिशोब लागणारच कसा? म्हणजे ते पुस्तक वाईट आहे म्हणून मागे पडलेलं नसतं, त्याच्याबद्दल मशीनला काही माहितीच नसते. म्हणून वाट बघत बसायचं नाही, आपण शोधायला जायचं, आणि शोधताना 'चांगली कादंबरी' असं टाकायचं नाही. बारीक विषय टाकायचा. अगदी बारीक.

माझंच सांगते. वडिलांचं जुनं चावीचं घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं आणि ते परत येईपर्यंत मला घड्याळांचं वेड लागलं, म्हणून सर्चमध्ये 'घड्याळ दुरुस्ती कादंबरी' असं काहीतरी टाकलं. चौथं का पाचवं नाव एका छोट्या कादंबरीचं होतं, कव्हर साधं, रिव्ह्यू तीन. त्यात एक प्रसंग आहे, म्हातारा कारागीर चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलतो आणि उचलायच्या आधी श्वास रोखतो, समोर बसलेल्या नातवालाही हाताने खुणावतो की तू पण रोख, आणि दोघं तसेच बसून राहतात, ती स्प्रिंग जागेवर बसेपर्यंत. मी वाचताना खरंच श्वास धरला होता. नंतर लेखकाची ओळख वाचली तर गृहस्थ तीस वर्षं घड्याळंच दुरुस्त करत होते. हे असलं मला स्वतंत्र लेखकांकडे वारंवार मिळतं. आयुष्यभर एकच काम केलेली माणसं, नर्स, इलेक्ट्रिशियन, बोटीवर काम केलेले, ज्यांनी ती गोष्ट आतून बघितलीये आणि एकदा ती सांगायचीच होती.

दुसरी जागा म्हणजे ऋणनिर्देशाचं पान. आपण ते उलटून टाकतो, पण स्वतंत्र लेखकांच्या पुस्तकात ते पान म्हणजे पत्त्यांची वही असते. हस्तलिखित कोणी वाचलं, कोणी दुरुस्त्या सांगितल्या, कव्हर कोणी केलं. त्यातले बरेच जण स्वतःही लिहिणारे असतात. एक पुस्तक आवडलं की त्या पानावरची तीन नावं शोधून बघा. वेगवेगळ्या लेखकांच्या कथा एकत्र असलेले संग्रह पण बघा, एका संग्रहात दहा-बारा आवाज कळतात, आणि ज्याची कथा डोक्यातून जात नाही त्याच्यामागे जायचं.

आणि लायब्ररी. बऱ्याच लायब्ररीत पुस्तक मागवायची विनंती लिहून देता येते, लोक ते विसरतातच. तुम्ही एकदा लिहून दिलंत आणि पुस्तक आलं तर ते तुमच्यामागून अजून कितीतरी जण वाचणार.

प्रश्न : मी रिव्ह्यू बघून एका नवीन लेखकाचं पुस्तक घेतलं, सगळे पाच स्टार होते, आणि वीस पानांत कंटाळून सोडलं. आता परत हिंमत होत नाही. पुस्तक चांगलं आहे हे आधी कळायचं कसं? – एक निवृत्त शिक्षक

सर, आधी एक जुनी गोष्ट सांगते. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' हा कवितासंग्रह स्वतःच्या खर्चाने छापला, त्यातली काही पानं स्वतःच्या हाताने जुळवली, त्या पहिल्या आवृत्तीत फक्त बारा कविता होत्या. आणि मग त्याने निनावी राहून स्वतःच्याच पुस्तकाची कौतुकाची परीक्षणं लिहून छापून आणली. म्हणजे ही गोष्ट आजची नाही. पण यातली खरी गंमत बघा, परीक्षणं त्याने स्वतः लिहिली होती तरी पुस्तक मोठंच होतं. स्टारवरून कुठलीच बाजू कळत नाही. ना चांगली ना वाईट.

मी काय करते, तीन स्टारवाले रिव्ह्यू आधी वाचते. पाचवाल्यात ओळखीतले असू शकतात, एकवाल्यात कधी पार्सल उशिरा आल्याचा राग असतो, पण तीन देणारा माणूस बहुतेक वेळा पूर्ण वाचून, विचार करून लिहितो. तो म्हणतो की मधला भाग रेंगाळतो पण आईचं पात्र विसरता येत नाही. आता मला रेंगाळणं चालतं, आईचं पात्र मला हवंय, झालं, माझं उत्तर मिळालं. 'अप्रतिम, नक्की वाचा' हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतं, त्यात पुस्तकातलं काही नसलं तर ते सोडून द्यायचं.

पण शेवटी नमुना वाचण्याला पर्याय नाही. ईबुकचा सुरुवातीचा भाग, साधारण दहावा हिस्सा, बऱ्याच ठिकाणी फुकट वाचता येतो. लोक त्यातलं पहिलं पान वाचून ठरवतात आणि तिथेच फसतात, कारण पहिलं पान लेखकाने पन्नास वेळा घासलेलं असतं. तुम्ही नमुन्याची शेवटची दोन-तीन पानं वाचा, तिथे लेखक सावध नसतो. आणि संवाद वाचा, जमलं तर मोठ्याने. दोन माणसं बोलताना वेगळी ऐकू येतात का? का दोघंही एकाच आवाजात माहिती देतायत? तुम्ही इतकी वर्षं मुलांचे निबंध तपासलेत, पाठ केलेलं कोणतं आणि मनातलं कोणतं हे तुम्हाला चार ओळींत कळत असणार. तोच कान इथे लावा. छापील पुस्तक असेल तर मधलंच कुठलंतरी पान उघडा.

आणि वीस पानांत सोडलंत ते बरं केलंत. मी पण सोडते.

प्रश्न : गोष्ट चांगली असते हो, पण शुद्धलेखनाच्या चुका इतक्या की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. दुर्लक्ष करायचं का? – एक मुद्रितशोधक

दुर्लक्ष करू नका, लेखकाला कळवा. पण आधी चूक कुठल्या जातीची आहे ते बघा. काही चुका लेखकाच्या नसतातच. जुन्या फॉन्टमधली फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत बदलली की रफार उडी मारून शेजारच्या अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर फुटून मधे मोकळा हलन्त दिसायला लागतो. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. ज्याच्याकडे पुस्तक परत नजरेखालून घालायला दुसरं माणूसच नव्हतं त्याच्याकडून हे सुटतं, त्यावरून लेखनाचा अंदाज लावू नये असं मला वाटतं. दुसऱ्या जातीची चूक म्हणजे पान दहावर बहिणीचं नाव एक आणि पान नव्वदवर दुसरं, किंवा मेलेला काका लग्नात हजर. तो निष्काळजीपणा आहे, तिथे माझाही संयम सुटतो.

ईबुकची एक चांगली गोष्ट अशी की लेखक दुरुस्त केलेली फाईल पुन्हा चढवू शकतो. हजार प्रती गोडाऊनमध्ये पडल्यात आता काय करणार असा प्रश्नच नाही. अँडी वेअर या अमेरिकन लेखकाने 'द मार्शियन' ही मंगळावर अडकलेल्या माणसाची कादंबरी आधी स्वतःच्या वेबसाइटवर प्रकरण-प्रकरण करून टाकली होती, वाचणाऱ्यांतले जाणकार विज्ञानातल्या चुका दाखवायचे आणि तो दुरुस्त करायचा, मग वाचकांनीच मागितली म्हणून २०११ मध्ये त्याने ती किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ईबुक दुकानात आणली, आणि २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाने छापली. म्हणजे वाचकाच्या पत्राने पुस्तक सुधारतं हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये.

कळवताना एक करा, पान नंबर देऊ नका. ईबुकमध्ये अक्षर लहान-मोठं केलं की पानं बदलतात, तुमचं पान ६४ लेखकाला दिसतच नाही. अख्खं वाक्य कॉपी करून पाठवा, खाली दुरुस्ती. आणि वर दोन ओळी, पुस्तकातलं काय आवडलं त्याच्या. ज्या पुस्तकात काहीच आवडलं नाही त्याच्या चुका कोणी कळवत बसत नाही, म्हणजे तुमच्याकडे लिहायला त्या दोन ओळी असणारच.

प्रश्न : खरं विचारते, कोणी छापायला तयार नव्हतं म्हणूनच स्वतः काढतात ना? – एक वाचक

कधीकधी हो. पण प्रकाशक नाही म्हणतो त्याची कारणं खूप असतात, पुस्तक फार लहान, विषय चालणार नाही, यंदाची यादी भरली. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेच्या 'पीटर रॅबिट' या सशाच्या गोष्टीला बऱ्याच प्रकाशकांनी नकार दिला, तिने १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती काढल्या, आणि पुढच्याच वर्षी आधी नाही म्हणालेल्यांपैकीच एकाने ते रंगीत चित्रांसकट छापलं. आणि आता तर कित्येक जण प्रकाशकाकडे जातच नाहीत, कव्हर, किंमत, कुठलं प्रकरण ठेवायचं, हे सगळं स्वतःच्या हातात हवं असतं म्हणून.

फक्त यात एक वेगळा प्रकार आहे तो ओळखा. लेखकाकडूनच मोठी रक्कम घेऊन काहीही न वाचता छापून देणारे लोक असतात. तिथे लेखकाचीच फसवणूक झालेली असते. त्याचा राग पुस्तकावर काढू नका, नमुना वाचा.

दुकानात का दिसत नाहीत तेही सांगून टाकते. बरीचशी पुस्तकं ऑर्डर आल्यावरच छापली जातात, एक मागितलं की एक छापायचं. त्यामुळे लेखकाला साठा करावा लागत नाही, पण न खपलेली प्रत परत घ्यायची सोय बहुतेक वेळा नसते, म्हणून दुकानदार ठेवायला कचरतो. आणि म्हणूनच तुमचं पार्सल चार दिवस उशिरा येतं.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे, प्रत्येक पुस्तक विकत घेणं जमत नाही. ग्रुपवर पीडीएफ येतात त्या वाचल्या तर चालेल का? – एक विद्यार्थिनी

नको गं. मोठ्या नावाच्या लेखकाचीही ती चोरीच, पण ज्याच्या वर्षाला शंभर प्रती जातात त्याच्या शंभरातल्या वीस तशा फिरल्या तर तो पुढचं पुस्तक काढत नाही, इतका सरळ हिशोब आहे. तुझ्याकडे दुसरे रस्ते आहेत. लायब्ररी आहेच. महिन्याची वर्गणी भरून वाचायच्या सोयी आहेत, दोघी-तिघी मैत्रिणी मिळून एकेका लेखकाचं एक छापील पुस्तक घेऊन फिरवू शकता. बरेच लेखक मालिकेतला पहिला भाग स्वतःच फुकट ठेवतात, तो हक्काने घे, तो तुझ्यासाठीच ठेवलेला असतो.

वर्गणीतली एक गोष्ट लक्षात ठेव, किंडल अनलिमिटेड या अ‍ॅमेझॉनच्या वर्गणीच्या सोयीत २०१५ पासून लेखकाला वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. नुसतं डाउनलोड करून ठेवलंस तर त्याला काही नाही. तू रात्री जागून शेवटच्या पानापर्यंत गेलीस तर त्याचे त्याला मिळाले. आणि पैसे नसले तरी रिव्ह्यू लिही. तीन रिव्ह्यू असलेल्या पुस्तकाला चौथा म्हणजे काय असतो हे त्या लेखकालाच विचार. मोठा नको, काय वाचून तुला थांबावंसं वाटलं ते एक लिही.

प्रश्न : ऑफिसमधल्या सहकाऱ्याने स्वतःची कादंबरी भेट दिली. मला फारशी आवडली नाही. रोज समोर येतात, विचारतील या भीतीने मी जिन्याने जातोय. काय करू? – एक वाचक

जिन्याने जाऊ नका. तुम्ही गप्प राहिलात की त्यांना नाही आवडली एवढंच कळत नाही, त्यांना वाटतं उघडलीसुद्धा नाही, आणि ते जास्त लागतं. खोटंही बोलू नका, 'मस्त आहे' म्हणालात तर ते पुढचा प्रश्न विचारणार, मस्त म्हणजे काय, आणि तुम्ही अडकणार. तुमच्या लांबलचक पत्रात एक वाक्य आहे, मी ते परत परत वाचलं. तुम्ही लिहिलंय की कादंबरी रटाळ आहे, पण पुराच्या रात्री ती बाई गोठ्यातली जनावरं सोडते आणि दावी मात्र हातात घट्ट धरून छपरावर बसून राहते, तेवढं डोळ्यापुढून जात नाही.

अहो मग हेच सांगा ना त्यांना. लिफ्टमध्ये भेटले की सांगा, ती दावी धरून बसलेली बाई माझ्या डोक्यातून जात नाहीये, कुठून सुचलं तुम्हाला? त्यांच्याकडे त्याची काहीतरी गोष्ट असणार, ती ऐका. रिव्ह्यू मात्र लिहू नका, रोजच्या ओळखीतल्याने लिहू नये, पुष्कळ साइटवर ते चालतही नाही. बाकीच्या रटाळ भागाबद्दल त्यांनी स्वतःहून विचारलं, आणि पुढचं लिहितोय म्हणून विचारलं, तर मग बसा त्यांच्याबरोबर अर्धा तास, पेन्सिल घेऊन.