आधी तुझी सोनोग्राफी

प्रिय बेटा,

बाबांना किडनी तूच देणार, असा हट्ट धरून बसल्याचं तुझ्या आईकडून कळलं. माया समजते रे मला. पण आधी नागपुरातल्या धंतोलीत जाऊन स्वतःची सोनोग्राफी करून घे.

बाबांना झालेली पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी (सिस्ट) वाढत जाणारा आजार, घराण्यातून उतरते. आईवडिलांपैकी एकाला असली, की प्रत्येक मुलाला ती येण्याची शक्यता ५० टक्के. ताईला निघाली म्हणून तू सुटणार, असं नसतं. घरात आजार असेल, तर १५ ते ३९ वयात दोन्ही किडन्या मिळून ३ सिस्ट दिसल्या तरी निदान पक्कं होतं. काहीच दिसलं नाही तरी या वयात तेवढ्यावर दाता ठरवत नाहीत. एमआरआय किंवा जनुकीय तपासणी सांगतात.

किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, क्रिएटिनिन, नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. आत सिस्ट वाढत असतानाही ते वर्षानुवर्षं नॉर्मल येतं. बीपी बरेचदा त्याआधीच चढतं, ते मोज. आणि डोकं दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी किडनीला घातक वेदनाशामक गोळी आणायची सवय आजच बंद कर.

आता बाबांचं ऑपरेशन. प्रत्यारोपणात जुन्या किडन्या बहुधा जागेवरच ठेवतात. निरोगी किडनी असते साधारण १५० ग्रॅमची. या आजारात ती कधी किलोंवर जाते आणि नवीला जागाच उरत नाही, मग काढावी लागते. कधी काढण्याचं कारण वारंवारचा संसर्ग किंवा रक्तस्राव हे असतं. बाबांची नेमकी कशासाठी काढताहेत, एक की दोन्ही, हे सर्जनना स्पष्ट विचार.

दोन्ही काढल्या तर लघवी पूर्ण बंद होते. माझ्या काढल्या तेव्हा ऐन नवतपा, मे अखेरचा कडक उन्हाळा होता. प्यालेलं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहायचं, म्हणून दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवायचे. दुपारी कूलरसमोर बसून मी ओल्या फडक्याने नुसते ओठ पुसायचो. पोटॅशियमही अंगात साठायचं, म्हणून संत्रीसुद्धा बंद. रक्त वाढवणारं संप्रेरक किडनीतच बनतं, त्यामुळे हिमोग्लोबिनही घसरतं, इंजेक्शनं लागतात. बाबा चिडतील, थकतील. त्यांच्यासमोर उसाचा रस पिऊ नका.

दाता म्हणून आईच्या तपासण्या सुरू करा. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात पती-पत्नी जवळच्या नातेवाइकांतच येतात. मृत दात्याच्या किडनीसाठी नागपूरच्या झोनल ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेशन सेंटरच्या प्रतीक्षायादीत नाव घालण्याबद्दलही रुग्णालयातल्या समन्वयकांशी बोला.

सोनोग्राफीला एकट्याने जायचं नसेल तर सांग, मी येतो.

तुझा,
काका