टंकलेले पत्र आणि खालची पेनाची ओळ

‘ताई, मी यावल-रावेर भागातील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेचा अधिष्ठाता आहे. केळीचे मोठे बागायतदार, बाजार समितीत वजन असलेले आणि आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवरही असलेले एक गृहस्थ आपल्या दोन मुलांच्या अभ्यासाबद्दल मला दर महिन्याला पत्र पाठवतात. प्रत अध्यक्षांना असते. धाकटा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असून त्याचे उत्तम चालले आहे. थोरला दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची उपस्थिती ४१ टक्के आहे, तीन विषय राहिले आहेत आणि जर्नल कोरे आहे. दुपारी तो ठिबक सिंचनाच्या साहित्याच्या एका दुकानात बसलेला असतो, असे शिपाई सांगतो. मी आजवर “दोघांची प्रगती समाधानकारक आहे, थोरल्याने धाकट्याचा कित्ता गिरवावा” एवढेच कळवत आलो. आता “अंतर्गत गुणांबाबत योग्य तो विचार व्हावा” असे पत्र आले आहे. (खाली त्यांनी पेनाने “थोरला घरी काहीच बोलत नाही” असेही लिहिले आहे.) उत्तराचे चार मसुदे फाडले. नोकरी सांभाळून खरे कसे लिहावे?’

आदरणीय सर,

आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण कंसात टाकले आहे. वरचा मजकूर कार्यकारिणीच्या सदस्याने लेटरहेडवर टाइप करून घेतला, कदाचित दुसऱ्याच कोणाकडून लिहूनही घेतला असेल. पण सही करताना त्याच माणसाने पेन पुन्हा कागदावर टेकवले आणि एक ओळ स्वतःच्या हाताने लिहिली. आपण चारही मसुदे वरच्या मजकुराला उत्तर म्हणून लिहिलेत आणि म्हणूनच ते फाडावे लागले, असे मला वाटते.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, राग मानू नये. ही वेळ त्या पत्राने आणलेली नाही, आपल्या ‘समाधानकारक’ या शब्दाने आणली आहे. ज्या मुलाच्या तीन विषयांचे ओझे पुढच्या सत्रात गेले त्याची प्रगती समाधानकारक असल्याचे महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी कळवल्यावर, निकाल हाती आला की बापाला वाटणारच की अभ्यास ठीक होता आणि गुण देणाऱ्यानेच कुठेतरी हात आखडता घेतला. मीही भुसावळला शिकवत असताना एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात वर्षभर ‘ठीक’ लिहीत राहिले होते. जूनमध्ये तिची आई शाळेत आली, पुस्तक माझ्यासमोर उघडून ठेवले आणि काहीही न बोलता बसून राहिली. तेव्हापासून विशेषणांची मला भीती वाटते. शिवाय हे गृहस्थ केळी विकणारे आहेत. घडामागे किती किलो माल भरला, कांदेबागेला (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीला) काय भाव मिळाला आणि मृगबागेला (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीला) काय, याचा हिशेब ते व्यापाऱ्याकडून आकड्यांत घेतात. ‘माल समाधानकारक आहे’ असे सांगणाऱ्याला ते दारात उभे करणार नाहीत. आकडे ऐकण्याची त्यांना सवय आहे, ते सांगण्याचीच आपल्याला भीती वाटते.

आता लिहिण्याबद्दल. कागदाला हात लावण्यापूर्वी थोरल्याला बोलवा, पण केबिनमध्ये नको, कारण तिथे लिपिक येत-जात असतात. प्रयोगशाळा रिकामी असेल तेव्हा तिथे बसा. तो १८ वर्षांवरचा, कायद्याने सज्ञान मुलगा आहे आणि त्याच्याविषयी त्याच्या पाठीमागे वर्षभर पत्रे जात आहेत, हे त्याला बहुधा ठाऊक असणार. वडिलांना काय कळवणार आहात ते त्याला आधी सांगा. ठिबकच्या दुकानाचा विषय आपण काढू नका. शिपायाच्या तोंडची बातमी अधिष्ठात्याने वापरायची नसते. त्याने स्वतः सांगितले तर मात्र नीट ऐका. दुपारभर ठिबकचे फिल्टर आणि लॅटरल (शेतात अंथरायच्या नळ्या) यांच्यात रमणारा मुलगा आळशी असेलच असे नाही. कदाचित त्याला विज्ञान नकोसे झालेले नसून फक्त तो वर्ग नकोसा झाला असेल.

मग दोन मुलांची दोन स्वतंत्र पत्रे लिहा. एकाच पत्रात दोघे आले की तुलना आपोआप घुसते, आणि आपला तो ‘कित्ता’ तर माझ्या मते या सगळ्या पत्रव्यवहारातला सर्वांत वाईट शब्द आहे; धाकट्याचा कित्ता गिरवायला सांगणारे पत्र घरात रात्री जेवताना वाचले गेले असेल, तर थोरला घरी का बोलत नाही याचे निम्मे उत्तर तिथेच आहे. थोरल्याच्या पत्रात उपस्थिती ४१ टक्के, आवश्यक ७५, राहिलेले विषय तीन, जर्नल अपूर्ण आणि पूर्ण करण्याची अंतिम तारीख, एवढेच असावे. गुणांसाठी एकच वाक्य पुरे: ‘अंतर्गत गुण चाचणी, जर्नल व उपस्थिती यांवरून दिले जातात आणि ती संधी आपल्या चिरंजीवांना इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच उपलब्ध आहे.’ त्याला खुलासा जोडू नका, दिलगिरी तर मुळीच नको. पत्र प्राचार्यांना दाखवून, जावक क्रमांक घालून पाठवा. अध्यक्षांना प्रत त्यांनी दिली म्हणून आपणही द्यावी असे नाही, प्राचार्य सांगतील तसे करा. नोकरीचे रक्षण गोड शब्दांपेक्षा ही नोंदच अधिक करील.

त्याच पत्रात एक माहिती अवश्य द्यावी, कारण बहुतेक पालकांना ती नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांचे श्रेयांक (क्रेडिट) आणि ठरलेला कौशल्याचा भाग पूर्ण केल्यास पदविका घेऊन बाहेर पडता येते, श्रेयांक बँकेत, म्हणजे श्रेयांकांची नोंद जपणाऱ्या ऑनलाइन खात्यात, ते श्रेयांक ७ वर्षांपर्यंत राहू शकतात आणि पुढे परत येऊन पदवी पूर्ण करता येते. ही धमकी वाटू नये आणि आमिषही वाटू नये, म्हणून ती कोरडेपणानेच लिहा. राहिलेले तीन विषय सोडवल्याशिवाय तोही रस्ता उघडत नाही, हेही सोबत लिहा.

मोठा माणूस मुलाचे उणे ऐकून घेणार नाही, हे आपण गृहीत धरले आहे. हार्वर्डमधले अधिष्ठाते डेल्मार लेटन यांना १९३६ मध्ये जोसेफ केनेडी यांनी आपल्या दुसऱ्या मुलाबद्दल पत्र लिहिले होते. गृहस्थ अतिश्रीमंत, अमेरिकेच्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगाचे पहिले अध्यक्ष राहिलेले, आणि थोरला मुलगा आधीपासून तिथेच शिकत असलेला. आवडीच्या विषयांत या मुलाची बुद्धी तल्लख चालते, पण ज्यात रस नाही तिथे तो निष्काळजी असतो आणि मेहनत घेत नाही, असे बापाने स्वतःच अधिष्ठात्यांना कळवले होते. (हा दाखला आपल्या बागायतदारांना मात्र देऊ नका. तो मुलगा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, एवढेच त्यांच्या लक्षात राहील.) आपल्याकडच्या बापानेही पेनाने जवळपास तेच केले आहे; फक्त उणे मुलाचे न लिहिता घरातल्या शांततेचे लिहिले आहे.

म्हणून तिसरा कागद घ्या आणि त्या ओळीला उत्तर द्या. साधारण असे: ‘आपण लिहिलेली शेवटची ओळ मी वाचली. चिरंजीवांशी मी बोललो, आणि हे पत्र त्यांना सांगूनच लिहीत आहे. ते माझ्याशी बोलले. काय बोलले ते त्यांच्याकडूनच ऐकावे, असे मला वाटते. आपण एकदा त्यांना सोबत घेऊन बागेत चक्कर मारावी आणि त्या वेळी निकालाचा विषय काढू नये. आजवरच्या माझ्या पत्रांतून आपल्याला खरी स्थिती कळली नाही, ही चूक माझी आहे.’ गुणांचा, समितीचा, संस्थेचा एक शब्दही त्यात नको. हा कागद टाइप करू नका, लेटरहेड वापरू नका आणि त्यावर जावक क्रमांकही घालू नका.

आपली,
ताई