आरएक्स-७चं रोटरी इंजिन घरी बांधता येईल का, आणि त्यातच सिंगल टर्बो लावावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९३ची माझदा आरएक्स-७ (एफडी मॉडेल) घेतली. गार असताना एका झटक्यात सुरू होते, गरम झाली की स्टार्टर नुसता फिरत राहतो. विकणारा म्हणतो ट्यूनिंग केलं की होईल, गॅरेजवाला म्हणतो इंजिन उघडा. उघडायचंच आहे तर मूळचे दोन टर्बो काढून एक मोठा लावावा आणि ४०० हॉर्सपॉवर करावी का, आणि हे घरी जमेल का?

बांधणं जमेल. ४००चं आत्ता डोक्यातून काढा.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता ऑकलंडला असतो. या गाडीचं १३बी-आरईडब्ल्यू इंजिन (पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर, हाउसिंग नावाच्या कवचात फिरणारे) दोनदा बांधलंय. दुसऱ्यांदा बांधावं लागलं ते माझ्याच हावरेपणामुळे, ते पुढे सांगतो.

पाना हातात घेण्याआधी कम्प्रेशन मोजा. गरम इंजिनला सुरू व्हायला त्रास म्हणजे बहुतेक वेळा कम्प्रेशन गेलंय, पण 'बहुतेक'वर इंजिन उतरवू नये. रोटरच्या तीन बाजू, प्रत्येक बाजूची एक खोली (कम्प्रेशनची पोकळी), म्हणून दर रोटरचे तीन आकडे लागतात. नेहमीचा गेज त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो आणि तुम्हाला फसवतो. रोटरीचा खास मीटर कुणाकडून तरी मिळवा. तोवर साध्या गेजची झडप दाबून धरा, इंधन आणि इग्निशन बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि स्टार्टर मारा. काटा उड्या मारेल, सोबत फुस-फुस-फुस आवाज येईल. तिन्ही फुस सारखे हवेत. लागोपाठ दोन अशक्त असतील तर त्या दोघांच्या मधलं एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) गेलं, कारण ते दोन्ही खोल्यांना सामाईक असतं. एकच अशक्त असेल तर संशय साइड सीलवर (रोटरच्या सपाट अंगाच्या कडेची पट्टी). माझदाचा हिशोब स्टार्टर २५० आरपीएमला फिरतानाचा आहे, आणि खोल्याखोल्यांत चौरस सेंटिमीटरला १.५ किलोपेक्षा जास्त फरक चालत नाही.

आता उघडण्याबद्दल. फ्लायव्हीलचा नट ५४ मिमीचा, आणि तो ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो. घरच्या पान्याला दाद देणार नाही. तो निघाला की पुढचं सगळं आश्चर्य वाटावं इतकं सोपं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. लांब बोल्ट काढले की वड्यांच्या चळतीसारखे एकेक थर उचलायचे: बिडाची प्लेट, हाउसिंग, रोटर, पुन्हा प्लेट.

हाउसिंगच्या आतल्या क्रोमवर नख फिरवा. कडेला पापुद्रे सुटले असतील किंवा आडवे ओरखडे नखाला लागत असतील तर खिसा गरम ठेवा. माझदाच्या इंजिनिअरांनी १९६०च्या दशकात अशाच ओरखड्यांना 'सैतानाची नखं' म्हटलं होतं. ते घालवण्यात त्यांची वर्षं गेली, तेव्हा कुठे १९६७ला कॉस्मो विकायला आली. आपल्याकडे यामाहा आरएक्स १००चं इंजिन बसलं की कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन टाकून मोकळे. इथे ओव्हरसाइझ नावाची सोय नाही. हाउसिंग गेलं की दुसरं शोधा.

खरा वेळ खातात ती साइड सीलं. दर रोटरला सहा, म्हणजे एकूण बारा. नवीन सील मुद्दाम लांब येतं, ते त्याच्या खाचेपुरतं कानशीने घासायचं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसायचो. दोन घाव कानशीचे, सील खाचेत, कॉर्नर सीलच्या (कोपऱ्यातल्या गोल सीलच्या) फटीत फिलर गेजची (फट मोजायची) पाती, पुन्हा काढा, पुन्हा दोन घाव. मर्यादा ०.०५ ते ०.१५ मिमीची आहे, मी ०.०५च्या जवळ थांबतो. एक घाव जास्त पडला तर ते सील कचऱ्यात. घट्ट राहिलं तर गरम झाल्यावर अडकेल. बारा सीलांना माझे दोन पूर्ण रविवार गेले, आणि बायकोने टेबल परत मागितलं. प्रत्येक सील त्याच्याच खाचेचं, म्हणून डब्यांवर नंबर टाका. बसवताना स्प्रिंगा आणि पाण्याची सीलं जागच्या जागी धरायला साधं व्हॅसलिन पुरतं, पहिल्यांदा सुरू केल्यावर त्याचाच धूर येतो. घाबरू नका.

एक खोडी लक्षात ठेवा. पुढचा बोल्ट आवळण्याआधी आतलं थ्रस्ट बेअरिंग घसरून स्पेसरखाली चिरडलं जाऊ शकतं. इंजिनाचं तोंड वर करूनच ते काम करा, मग एंड प्ले (शाफ्ट मागेपुढे किती सरकतो ते) मोजा. ०.०४ ते ०.०७ मिमीच्या आत यायला हवा.

आता माझा हावरेपणा. पहिल्यांदा बांधून झाल्यावर मी एग्झॉस्टमधला प्री-कॅट (धूर साफ करणारा पहिला डबा) काढला आणि मोकळा पाइप टाकला. या गाडीचा मूळ बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) साधारण १० पीएसआय, दुसरा टर्बो जागा होताना ८ला उतरतो, मग परत १०. एग्झॉस्ट मोकळा झाला की चिमुकल्या वेस्टगेटला (जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) वायू आवरत नाही आणि बूस्ट आपोआप चढत जातो. मूळ कॉम्प्युटर शहाणा, तो इंधन तोडून इंजिन वाचवतो. मला तो झटका आवडेना, म्हणून मी त्या कॉम्प्युटरला फसवणारी डबी लावली. जुलैतली थंड रात्र, तिसरा गिअर, आणि 'टप्' असा आवाज. फार मोठा नाही, जीभ टाळ्याला लावून काढावा तेवढा. नंतर आयडलिंगला गाडी एक पाय लंगडत असल्यासारखी. उघडलं तर मागच्या रोटरचं एपेक्स सील तुटलेलं, आणि त्याचा तुकडा बाहेर पडताना टर्बाइनची पाती चावून गेलेला.

म्हणून माझं मत: ४०० करायचीच असेल तर पैसे उलट्या क्रमाने खर्च करा. टर्बो सगळ्यात शेवटी. आधी सेटिंग बदलता येणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), मोठा फ्यूएल पंप, मोठे इंजेक्टर (मूळचे ५५० आणि ८५० सीसीचे दोन-दोन, ते ४००ला पुरत नाहीत), चांगला इंटरकूलर आणि रेडिएटर, चारही प्लग ९ नंबरच्या हीट रेंजचे. लोक कडक, महागडी एपेक्स सीलं घ्यायला सांगतील. मी माझदाचीच टाकतो. डेटोनेशन (इंधनाचा अवेळी स्फोट) झालंच तर कडक सील कदाचित टिकेल, पण मार रोटर आणि हाउसिंग खातील.

इंजिन उघडं असताना पोर्टिंग (हवेच्या वाटा घासून मोठ्या करणं) मात्र करून घ्या, पण स्ट्रीट पोर्टपर्यंतच, म्हणजे माफक. टू-स्ट्रोकचं पोर्टिंग पाहिलं असेल तर कल्पना लगेच कळेल. त्यापुढच्या ब्रिज पोर्टच्या नादी लागलात तर सिग्नलला गाडी धड उभी राहणार नाही आणि पेट्रोल ढोसेल. शिवाय पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालायची सवय लावा. मूळचा ऑइल मीटरिंग पंप (सीलांच्या वंगणासाठी थोडं थोडं तेल सोडणारा, मुख्य ऑइल पंप नव्हे) बाद केला असेल तर लिटरमागे सात-आठ मिली, चालू असेल तर निम्मं. हो, एके काळी आपल्या पेट्रोल पंपावर मापाने मिळायचं तेच.

आणि तुम्हीही न्यूझीलंडमध्येच आहात, तर एवढी पॉवर वाढवल्यावर एलव्हीव्ही सर्टिफिकेट (बदल केलेल्या गाडीचा तपासणी दाखला) लागेल. तो देणाऱ्या इंजिनिअरशी काम सुरू करण्याआधी बोला, नंतर नाही.

कम्प्रेशन मोजलंत की सहाही आकडे इथे टाका, आणि स्टार्टर किती आरपीएमला फिरत होता तेही लिहा. त्याशिवाय आकड्यांवरून काही सांगता येणार नाही.