बीएमआय २६.२ आला म्हणजे मी खरंच लठ्ठ आहे का? हा आकडा कितपत खरा मानायचा?

तुम्ही लिहिलंय, उंची ५ फूट ३ इंच, वजन ६७ किलो. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, तो तुमचा २६.२ बरोबर येतो. फोनमधलं अ‍ॅप 'ओव्हरवेट' म्हणतं आणि ऑफिसच्या तपासणीच्या कागदावर 'ओबीज', म्हणजे लठ्ठ, असं छापून आलंय, मग खरं कोण? दोघंही खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात २५ ते २९.९ म्हणजे ओव्हरवेट. भारतीय डॉक्टरांनी २००९ साली आपल्या लोकांसाठी वेगळ्या रेषा आखल्या. त्यात २३ पासूनच ओव्हरवेट सुरू होतं आणि २५ ला लठ्ठपणा. तुमचं अ‍ॅप पहिला तक्ता वापरतंय, कागदावाले दुसरा. बाई त्याच, वजन तेच.

आता माझं ऐका, कारण बीएमआय म्हटलं की माझी जुनी ठसठस सुरू होते.

२०१७ ची दिवाळी. माझी सासुरवाडी कोल्हापूरकडची, ऊसवाली, गुऱ्हाळवाली. थोरले मेहुणे एके काळी तालमीत राहिलेले, लाल मातीत लोळलेले गडी. अजून सगळा गाव त्यांना पैलवानच म्हणतो, मीही म्हणतो. मी पुण्यात हिशेबाचं काम करतो आणि शाळेपासून काटकुळा. लग्नात बायकोच्या मामांनी मला उचलून बघितलं होतं आणि "ह्ये काय, पोतं रिकामंच हाय" म्हणाले होते. असलं माणूस विसरत नाही. तर त्या वर्षी आमच्या ऑफिसात आरोग्य शिबिर झालं, माझा बीएमआय २२.७ आला आणि टेबलावरच्या मुलीनं माझ्या कार्डावर हिरवा ठिपका चिकटवला. चव्वेचाळीस वर्षांच्या बाप्याला ठिपक्याचं काय एवढं? पण मी ते कार्ड फ्रिजवर लावलं होतं, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.

भाऊबीजेला सगळे जमलो होतो. मटण शिजत होतं, जेवायला अवकाश होता. परसात गुळाचे रवे तोलायचा काटा पडलेला. मला बुद्धी सुचली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंचीच्या खुणा केल्या, एकेकाला काट्यावर उभं केलं आणि मोबाइलवर भागाकार करून आकडे मोठ्यानं वाचत गेलो. साडूंचा २४, मेहुणीचा २८, सासूबाईंना गुडघ्यामुळे सरळ उभं राहता येईना तरी त्यांचाही काढला. पैलवानांची उंची ५ फूट ७, वजन ९२. आकडा ३१.८. "ओबीज, क्लास वन," मी जाहीर केलं. वर माझा २२.७ सांगितला, कुणी विचारला नव्हता. पोरं हसली. पैलवानांची दहावीतली मुलगी मात्र हसली नाही आणि वहिनी ताट घ्यायच्या निमित्तानं उठून आत गेल्या.

पैलवान काट्यावरून उतरले, चपला घातल्या आणि म्हणाले, "दाजी, नुसत्या वजनावर भाव ठरत असता तर आम्ही गुळात दगड घालून इकला असता की."

मी म्हणालो, हे शास्त्र आहे पैलवान.

ते कुणाचं शास्त्र, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर दुखणं अंगाशी आल्यावर वाचलं. हे सूत्र काढणारा अ‍ॅडॉल्फ केतले डॉक्टरच नव्हता. ब्रसेल्सच्या वेधशाळेत तारे मोजणारा गणिती माणूस. १८३० च्या दशकात त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते काढायचं होतं, म्हणून त्यानं बघितलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कोण आजारी, कोण निरोगी हा त्याचा विषयच नव्हता. पुढे १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं पाच देशांतल्या सात हजारांवर माणसांची मापं घेऊन या भागाकाराला बॉडी मास इंडेक्स असं नाव दिलं. ती सगळी माणसं पुरुष होती, बाई एकही नाही, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतोय. आणि रेषांचं म्हणाल तर अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांना २७.८ आणि बायकांना २७.३ ला ओव्हरवेट धरायचे, त्या वर्षी सरकारी समितीनं तो आकडा २५ वर आणला. रात्री नॉर्मल म्हणून जेवून झोपलेली लाखो माणसं सकाळी ओव्हरवेट म्हणून उठली.

माझं दुखणं २०१९ चं. रात्री तीनदा उठायचो, तांब्याभर पाणी प्यायचो, उन्हाळ्यावर ढकलायचो. बायको वर्षभर म्हणत होती, तुमच्या वडिलांना साखर होती, एकदा रक्त तपासा. मी फ्रिजकडे बोट दाखवायचो. शेवटी ती स्वतः लॅबवाल्याला घरी घेऊन आली. उपाशीपोटीची साखर १६८ आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४. माझं पहिलं वाक्य होतं, "नमुने बदलले असणार." दुसऱ्या लॅबमध्ये गेलो, ८.३.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि शर्ट वर करायला सांगितला. हातपाय काटक्या आणि मधे हा एवढा माठ. त्यांनी टेप लावली, ९१ सेंटीमीटर. मी म्हणालो, शक्यच नाही, माझी पँट ३२ ची आहे. त्या म्हणाल्या, पँट तुम्ही पोटाच्या खाली बांधता, पोटावर कुठे बांधता? तरी मी घरी येऊन बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि लावली तर ३७ इंच! मग लक्षात आलं, टेपचं पितळी टोक आणि पहिला इंच कधीचाच तुटून गेलाय, ती एकपासून सुरू होते. म्हणजे ३६. म्हणजे पुन्हा ९१ सेंटीमीटरच. पण तो एक इंच वाचला याचा मला जो आनंद झाला तो बघून बायको म्हणाली, "आता हाही फ्रिजवर लावा."

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी त्यांच्या कॉम्प्युटरवर एक फोटो दाखवला, तो मी जन्मात विसरणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघं शेजारी शेजारी उभे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३, आणि मोजलं तर युडकिनसाहेबांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! आकडा तोच, भागाकार तोच. मी त्या फोटोकडे बघत बसलो. माझा २२.७ तरी कुठे वेगळा होता?

याज्ञिकांनी त्याआधी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला होता. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५. आपली बाळं लहान, हडकुळी, पण कमी भरली ती मांसात. चरबी त्या मानानं शाबूत. वरून बारीक, आतून चरबट. आमच्या आईला विचारलं, मी जन्मलो तेव्हा केवढा होतो? घरीच बाळंतपण, वजन कुणी केलं? "तळहातावर मावायचास," म्हणाली, वर "काखेत घेऊन भाकरी थापायची मी." बास, मला पुरलं तेवढं.

तर आपल्यासाठी २३ ची रेषा आली ती यामुळे. आपल्याला साखर गोऱ्या माणसापेक्षा कमी वजनावरच गाठते. आणि मला विचाराल तर ती रेषा खाली आणूनही माझ्यासारखा माणूस तिच्याखालून सटकलाच. गुळाच्या काट्याला वजन कळतं. त्यात मांस किती, चरबी किती आणि ती चरबी मांडीवर आहे की पोटात आतड्यांभोवती, हे त्याला कुठून कळणार? घात करते ती पोटातली. सबंध तालुक्याची तब्येत बघायची तर बीएमआय झकास आहे, फुकट आहे, काटा आणि पट्टी पुरते. पण एका माणसाला उभं करून हिरवा किंवा लाल ठिपका द्यायचा धंदा बंद करावा. मी त्या ठिपक्यापायी एक वर्ष नक्की घालवलं, कदाचित दोन.

डॉक्टरबाईंनी गोळी दिली, भात निम्मा केला आणि म्हणाल्या, नुसतं चालून भागणार नाही, स्नायू वाढवा. जिमला जायची लाज वाटली. शेवटी फोन केला कुणाला? पैलवानांना. त्यांनी एका शब्दानं भाऊबीज काढली नाही. व्हिडिओ कॉलवर बैठका शिकवल्या, जोर भिंतीला हात लावून सुरू करायला सांगितले, "दाजी, टाच उचलू नगा" असं ओरडत. पहिल्या दिवशी अकरा बैठका झाल्या आणि दुसऱ्या दिवशी संडासात बसता येईना. वर्षभरानं पोट ९१ वरून ८५ वर आलं, एचबीए१सी ६.६. वजन मात्र ६४ चं ६६ झालं. ऑफिसच्या शिबिरात पुन्हा गेलो, बीएमआय २३.४, आणि कार्डावर पिवळा ठिपका! साखर वाढलेली होती तेव्हा हिरवा, आटोक्यात आली तेव्हा पिवळा. हे कार्डही मी फ्रिजवर लावलंय.

तुमच्याबद्दल एवढंच, की २६.२ ला घाबरू नका आणि बीएमआय फालतू आहे असं वाचून सुखावूही नका. टेप घ्या. खालची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. बायकांना ८० सेंटीमीटर, पुरुषांना ९०, अशी आपली रेषा आहे. दुसरा नियम कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी असा. तुमची उंची १६० सेंटीमीटर, म्हणजे दोन्ही नियमांनी तुमचा आकडा ८० च येतो. आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासा, आईवडिलांपैकी कुणाला साखर असेल तर आजच. मी डॉक्टर नाही. गरोदर असाल तर बीएमआय आणि कंबरेचे हे आकडे लावू नका, आणि पोरांचे तक्ते वेगळे असतात, त्यांना हे आकडे लावून रडवू नका.

आणि हो, वर मी बीएमआयला एवढं झोडपलं म्हणून कुणी उगाच त्याचा स्क्रीनशॉट फिरवू नये. आमच्यात हे झालंय. माझी साखर निघाल्याची बातमी कोल्हापुरात पोचली त्या रात्रीच पैलवानांनी घरच्या ग्रुपवर टाकलं, "बीएमआय खोटा ठरला. ३१.८ जिंदाबाद." खाली बावीस अंगठे, त्यात माझ्या बायकोचा पण. मी गप्प बसलो, कारण चूक माझी होती. वहिनींची माफीही मागितली मी, जरा उशिरा का होईना. पण पैलवान, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, तुमची मुलगी तुम्हाला दाखवणारच. तुम्ही तालीम सोडलीत २००५ साली. तेव्हा रोज हजार बैठका मारायचात आणि वजन ९२ होतं. आता गुऱ्हाळावर खुर्ची टाकून बसता, रस्सा तेवढाच आहे आणि वजन अजून ९२ च आहे. ते तेव्हाचे ९२ किलो कुठे गेले आणि हे आताचे कशाचे आहेत? "मांस हाय दाजी, मांस," हे तुम्ही तेव्हापासून सांगताय. कुस्ती खेळणाऱ्या गड्याचा ३१.८ माफ, मी जाहीर लिहून देतो. खुर्चीवरच्याचा नाही. ग्रुपवर बीएमआय खोटा म्हणणाऱ्या माणसाला टेप लावायला मात्र दर वेळी कुठलं तरी अर्जंट काम निघतं. गेल्या दिवाळीत मी टेप काढली तर तुम्ही उसाची गाडी आली म्हणून उठलात, गाडी काही आली नव्हती.

आता नवीन टेप घेतली, पहिला इंच शाबूत असलेली, आणि मागच्या महिन्यात कुरियरनं पाठवली. पोचल्याची वहिनींची सही आहे. आकडा अजून आलेला नाही.