बॅटरी नाही, वायर नाही: बंद डब्यातलं तापमान एलसी सर्किटने मोजताना

प्रश्न असा आहे: सुकवणीच्या बंद पॉलिप्रॉपिलीन डब्यात 20 ते 70 अंश मोजायचे, आत बॅटरी चालणार नाही, रीडर (तारेशिवाय सर्किट वाचणारं उपकरण) बाहेरून 25 मिमीवर. कॉइल-कपॅसिटरला (हेच एलसी सर्किट) समांतर थर्मिस्टर, म्हणजे तापमानाने बदलणारा रेझिस्टर, जोडला तर चालेल का?

नाही. थर्मिस्टरने मुख्यतः क्यू (रेझोनन्स किती तीक्ष्ण आहे याचं माप) बदलतो, म्हणजे रेझोनन्सच्या फ्रीक्वेन्सीला रीडरवर दिसणाऱ्या डिपची (खळग्याची) खोली. रीडर पाच मिमी सरकला तरी तीच खोली बदलते, मग अंतर कुठलं आणि तापमान कुठलं हे कळायला मार्ग उरत नाही. तापमान फ्रीक्वेन्सीतच उतरलं पाहिजे, त्यामुळे तापमानाला बदलणारा घटक कपॅसिटर हवा.

47 पीएफचा (पिकोफॅरड) एन750 सिरॅमिक कपॅसिटर घ्या. एसएमडीमध्ये (बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर होणाऱ्या घटकांत) त्याचा कोड यू2जे, जुन्या डिस्क सिरॅमिकवर जांभळी खूण. दर अंशाला कपॅसिटन्स 750 पीपीएमने (दशलक्षात 750 भाग) घटते, म्हणजे फ्रीक्वेन्सी 375 पीपीएमने वाढते. वाय5व्ही या दुसऱ्या सिरॅमिक प्रकाराचा उतार खूप जास्त, म्हणून मोह होतो. पण सोल्डरिंगच्या उष्णतेनंतर त्याचं एजिंग (काळानुसार कपॅसिटन्स घटणं) नव्याने सुरू होतं आणि कॅलिब्रेशन हळूहळू वाया जातं.

कॉइल 40 मिमी व्यासाची, 0.5 मिमी एनॅमल तारेचे 9 वेढे चिकटून: साधारण 5.5 मायक्रोहेन्री. रेझोनन्स 9.9 मेगाहर्ट्झच्या थोडा खाली, दर अंशाला सुमारे 3.7 किलोहर्ट्झ. रीडरला 50 मिमीचा दोन वेढ्यांचा लूप पुरे.

आता वाचन. नॅनोव्हीएनएवर (फ्रीक्वेन्सी फिरवून सर्किटचा प्रतिसाद मोजणारं छोटं उपकरण) बहुतेक जण एस11 चा, म्हणजे परतणाऱ्या सिग्नलचा, डिप पाहतात. तो कपलिंगबरोबर (लूप आणि कॉइलमधली चुंबकीय जोडणी) सरकतो. त्याऐवजी लूपच्या इनपुट इम्पीडन्सचा रिअल भाग, म्हणजे आर (रेझिस्टन्स), काढा. त्याचं शिखर कुठे येतं हे कपलिंगवर जवळपास अवलंबून नसतं, फक्त उंची बदलते. कपलिंग 0.1 आणि क्यू 100 धरला तर उंची सुमारे 25 ओहम येते, सहज दिसते. मात्र क्यू 100 म्हणजे शिखर जवळजवळ 100 किलोहर्ट्झ रुंद, आणि एक अंश 3.7 किलोहर्ट्झ. सर्वांत उंच पॉइंट उचलून भागणार नाही. स्वीप शिखराभोवती 200 किलोहर्ट्झचा ठेवा आणि माथ्याजवळच्या पॉइंटांवर पॅराबोला बसवा.

खोटं तापमान दोन गोष्टी दाखवतात. जवळ धातू आला की इंडक्टन्स घटतो, फ्रीक्वेन्सी चढते, वाचन गरम येतं. कॉइलवर ओल बसली तर उलट, थंड. सुकवणीच्या डब्यात ओल तर असणारच, म्हणून सेन्सर इपॉक्सीत पूर्ण बुडवा आणि कॅलिब्रेशन त्यानंतरच करा, आधी केलेलं फुकट जातं. धातू टाळता येत नसेल तर शेजारी तशीच दुसरी कॉइल 27 पीएफ एनपी0 (तापमानाने जवळपास न बदलणारा कपॅसिटर) सह लावा (सुमारे 13 मेगाहर्ट्झ) आणि दोन्ही फ्रीक्वेन्सींचं गुणोत्तर वापरा. दोन्ही कॉइल एकमेकींवर थोड्या चढवून केंद्रं 30 मिमीवर ठेवली, म्हणजे व्यासाच्या पाऊणपट, की आपसातलं कपलिंग जवळपास शून्य होतं. मिलिमीटरभर हलवून नेमकी जागा शोधावी लागते.

यू2जेला ±120 पीपीएमची सूट असते, त्यामुळे प्रत्येक नगाचं कॅलिब्रेशन वेगळं. पाण्यात बुडवून करू नका; कोरड्या ओव्हनमध्ये पीटी100 (प्लॅटिनमचा अचूक तापमान सेन्सर) शेजारी ठेवून दर 10 अंशांना तापमान स्थिरावू द्या.

अंतर कॉइलच्या व्यासापलीकडे गेलं की सिग्नल झपाट्याने पडतो. मीटरभर अंतरासाठी 433 मेगाहर्ट्झचे सॉ (पृष्ठभागावरच्या ध्वनिलहरींवर चालणारे) रेझोनेटर असतात, पण त्यांचा रीडर वेगळाच आणि खर्चही. लिथियम नायोबेट क्रिस्टलवर ते दर अंशाला सुमारे 32 किलोहर्ट्झ सरकतात, आणि 433.05 ते 434.79 मेगाहर्ट्झ हा त्यांचा पट्टा जेमतेम पन्नासेक अंशांत संपतो.