बाजेखाली दडणारं कारवानी पिल्लू: उत्तर जरा लांब आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 10 आठवड्यांची कारवानी (शिकारी कुत्र्याची एक जात) मादी, घरी येऊन 8 दिवस झाले, दिवसभर बाजेखाली दडून असते. उचलायला कुणी वाकलं की लघवी करते, नावाला ओ देत नाही. शेजारचे म्हणतात, ‘आठवडी बाजारातून एक चक्कर मारून आणा, भीड मोडेल.’ आणि ‘बस’, ‘ये’ हे कधीपासून शिकवायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी बाजाराचं. नेऊ नका. लसीकरण पूर्ण झालेलं नाही, आणि जिथं मोकाट कुत्री फिरतात त्या मातीत पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या रोगाचा, विषाणू कित्येक महिने टिकतो. पण मला त्याहून जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. घाबरलेलं पिल्लू गर्दीत नेलं की अंग आखडून गप्प उभं राहतं आणि माणसांना वाटतं, झालं, भीड मोडली. मोडलेली नसते. इथून सुटका नाही, एवढंच त्याला कळलेलं असतं. असंच वाढवलेलं कुत्रं पुढे पाहुण्याचा हात अंगाला लागताच चावतं, आणि मग घरचेच म्हणतात की जात वाईट. कारवानी मुळातच परक्याची सलगी खपवून न घेणारी जात आहे. लॅब्रॅडोरसारखी सगळ्यांच्या अंगावर उड्या मारत जाणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. माणसं आली तरी शांत राहणं, हाक मारली की येणं, पट्ट्यात नीट चालणं, एवढं तिच्याकडून नक्की होतं.

नवी गोष्ट पिल्लू सहज स्वीकारतं ते साधारण 3 ते 14 आठवडे वयात. म्हणजे अजून महिनाभर तुमच्या हाताशी आहे. रोज एक-दोन नव्या गोष्टी दाखवा, पण लांबून. तिला घेऊन ओसरीवर बसा, रस्त्यावरची मोटारसायकल, शेळ्या, दप्तर घेतलेली लेकरं बघू द्या आणि बघत असताना तोंडात घास द्या. अंतर बरोबर आहे का, हे घासच सांगतो: एरवी आवडीनं खाणारी घास घेईना, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. जांभई देणं, ओठ चाटणं, कान मागे पाडणं, शेपूट पोटाशी घेणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं या भीतीच्याच खुणा आहेत. तेव्हा तिला जवळ यावंसं वाटलं तर येऊ द्या. भ्यालेल्या पिल्लाला धीर दिल्यानं ते भित्रं बनत नाही.

घरात बाज तिचीच राहू द्या. खाली गोणपाट टाका, पाण्याचं भांडं ठेवा आणि तिथून तिला कुणीही ओढून काढायचं नाही, हे लेकरांना बजावून सांगा. मग दिवसातून 4-5 वेळा घरातलं एक माणूस जमिनीवर, तिच्याकडे कूस करून, दोन हात लांब बसेल. बघायचं नाही, बोलवायचं नाही. फक्त घास टाकायचे. उकडलेलं बिनमिठाचं चिकन, अंड्याचा पांढरा भाग किंवा पनीर, तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. दिवसभराचे असे घास एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका, नाहीतर पोट बिघडेल. रश्श्यात कुस्करलेली भाकरी मात्र बंद, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. मनुका, द्राक्षं, चॉकलेट यांना तर हात लावू देऊ नका.

इथं बहुतेक जण चुकतात. हातात घास धरून तिला जवळ ओढतात. ती भुकेपोटी येते, घास संपतो, आणि पुढ्यात तिला ज्याची भीती वाटते तोच माणूस असतो. ती दचकून पळते आणि पुढच्या वेळी आणखी लांब थांबते. म्हणून घास तिच्या मागच्या बाजूला टाका. ती मागे जाऊन खाईल आणि पुन्हा वळून तुमच्याकडे येईल. हे परतणं तिच्या मर्जीचं असतं, आणि सगळं त्यावरच उभं राहतं. घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही हेच सांगा: हात पुढे करू नका, घास तिच्या पलीकडे टाका.

लघवीबद्दल. ती घाण करत नाहीये, ‘मला काही करू नका’ असं सांगतेय. वरून वाकणं, डोक्यावर हात ठेवणं, डोळ्यांत बघणं यानं ते वाढतं. रागावलात किंवा नाक घासलंत तर दुप्पट होईल. बसून, कुशीवरून, हात तिच्या छातीखाली न्या, 3 सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. ती पुढे सरकली तर पुन्हा, मागे सरकली तर तिथंच थांबा. वर्षाच्या आत बहुतेक पिल्लांचं हे आपोआप जातं. मात्र थेंब-थेंब वारंवार होत असेल, झोपेतही गळत असेल, तर तो मूत्रमार्गाचा आजार असू शकतो, पशुवैद्यांना दाखवा. लघवीची साधी सवय लावायची तर उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच अंगणात न्या, शिवाय दिवसा दर दोन तासांनी. बाहेर केली की तिथल्या तिथं घास.

ती आपणहून हुंगायला येऊ लागली की शिकवणं सुरू करा. एका वेळी 2 मिनिटं पुरे. एक छोटा शब्द ठरवा, समजा ‘हां’, आणि तो घरात सगळ्यांनी एकाच सुरात वापरायचा. नाव हळू आवाजात घ्या, तिनं बघितलं की ‘हां’ आणि घास. घास ‘हां’ नंतर यायला हवा. हात आधीच खिशात गेला तर ती शब्दाऐवजी हातच बघत राहील. नाव घेऊन रागवायचं नाही, नाहीतर नावाचीच भीती बसेल.

मग उघडा तळहात तिच्या नाकापासून वीतभर बाजूला धरा. तिनं नाक लावलं की ‘हां’, घास. बुजऱ्या पिल्लाला मी ‘बस’च्या आधी हे शिकवायला सांगेन, कारण यात माणसाच्या हाताकडे जायचं की नाही हे ती ठरवते. हेच अंतर वीतभरावरून खोलीभर वाढवलं की ‘ये’ तयार होतं. ‘ये’ म्हणून बोलावून औषध पाजणं, आंघोळ घालणं, बांधून टाकणं हे कधीच नको. त्यासाठी तुम्ही तिच्याजवळ जा. आणि पळाली तर मागे धावू नका, उलट दिशेला चाला.

‘बस’साठी घास नाकाजवळून डोक्याच्या वरून मागे न्या. डोकं वर गेलं की मागचं अंग खाली टेकतं. ढुंगण दाबू नका. कारवानीचे पाय लांब, अंगावर चरबी नाही, आणि गुळगुळीत शहाबादी फरशीवर तिला बसणं खरंच अवघड जातं, म्हणून हे गोणपाटावर किंवा सतरंजीवर करा. तरी बसेना तर ‘थांब’वर उभं राहणं पुरेसं आहे. पाहुणा आला की चारही पाय जमिनीवर, एवढंच तर हवंय.

पट्टा आत्ताच घरात 5-10 मिनिटं घालून ठेवा, घालताना घास. या जातीचं डोकं मानेहून बारीक असतं, साधा पट्टा मागे ओढून सहज निसटतो. बाहेर नेताना छातीचा पट्टा घ्या, खाली दोन बोटं जातील एवढा सैल. शेतात सोडण्याची घाई नको: धावतं काही दिसलं की ही जात कान बंद करते. वर्षभर तरी 5-7 मीटरचा हलका सुती कासरा लावून ठेवा, तोही छातीच्या पट्ट्याला, गळ्याला नाही. आखाड्यावर कोंबड्या असतील तर आधी लांबून बघू द्या आणि तुमच्याकडे वळून बघितलं की घास. साखळीनं दिवसभर बांधणं नको. बुजरं पिल्लू बांधलं की त्याला मागे सरकता येत नाही, मग ते पुढे येऊन भुंकायला शिकतं.

चावरेपणा वाढेल तो 4 ते 6 महिन्यांच्या वयात, दात बदलताना. हात बाजूला घ्या, गाठ मारलेलं ओलं गार फडकं चावायला द्या, मारू नका. गुरगुरली तर त्याबद्दलही रागवायचं नाही. ती इशारा देतेय. तो इशारा दाबला तर पुढे न सांगता चावेल. ताटली हिसकावून ‘सवय लावणं’ही नको. ती खात असताना जाता-जाता तिच्यात चांगला तुकडा टाका, मग माणूस जवळ आला की तिला बरंच वाटेल.

पोळ्याचे ढोल आणि दिवाळीचे फटाके यांची तयारी आत्तापासून करा. मोबाइलवर आवाज अगदी बारीक लावा, तिचे कान हलतील पण खाणं थांबणार नाही इतपत. काही दिवसांनी किंचित वाढवा. खाणं थांबलं तर पुन्हा कमी करा. प्रत्यक्ष फटाक्यांच्या रात्री मात्र शिकवणं नाही: दार-खिडक्या बंद, पंखा चालू, आणि तिच्याजवळ एक माणूस.

लसींचं वेळापत्रक पशुवैद्यांकडून कागदावर लिहून घ्या. साधारणपणे 16 आठवड्यांपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी डोस असतात आणि रेबीजची लस 3 महिन्यांना. लातूरकडच्यांना उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीकडच्यांना परभणीचं. दवाखान्यात पहिल्यांदा इंजेक्शनसाठी नेण्याआधी एक-दोनदा नुसतं दारापर्यंत नेऊन, कडेवरच घास देऊन परत आणा. आणि बाजेखालचं पिल्लू अचानक खायचंच बंद झालं, उलटी किंवा पातळ रक्ताळ जुलाब सुरू झाले, तर ते बुजणं समजून वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.