पान लागलं म्हणजे काय

प्रिय डॉक्टर,

सरकारी सेवेचा बॉण्ड लागला आणि तू सोलापूरहून थेट देवगड तालुक्यात, तेही मिरगाच्या तोंडावर. परवा फोनवर म्हणालीस, "सर, पेशंट काय बोलतात ते कळत नाही, आणि कळलं तरी केसपेपरवर कसं लिहू ते कळत नाही." पहिली अडचण महिनाभरात सुटेल. दुसरीची मला काळजी वाटते.

माझा इकडचा पहिला पावसाळा. रात्री नऊच्या सुमारास चौघांनी एकाला खुर्चीत बसवून उचलून आणलं. "डॉक्टरांनू, भावाक पान लागला." मी पुण्याचा. कुठलं तरी खाजरं झाड असेल, असं समजून मानेवर, दंडावर पुरळ शोधत बसलो. सिस्टर आतून आल्या, त्याचा सुजलेला पाय पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "सर, साप चावलाय." रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून पान, नाहीतर नुसतं 'जनावर'. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त ठेवलं, २० मिनिटांनी नळी कलती केली तर गोठलंच नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे फुरसं; त्याचं विष रक्त गोठू देत नाही. प्रतिविष दिलं, माणूस वाचला. पुरळ शोधण्यात गेलेली मिनिटं मात्र माझ्या खात्यावर आहेत.

तिथे मला शब्दच माहीत नव्हता. तुझी चूक वेगळी होईल: शब्द कळेल आणि तू तो घाईने इंग्रजीत घालशील. लावणीच्या दिवसांत एखादा सांगेल, "ताप आहे, पोटऱ्या अशा भरून आल्यात की पायरी चढवत नाही." तू लिहिशील, 'फीवर, मायॅल्जिया', म्हणजे ताप, स्नायूदुखी. चूक काहीच नाही, पण पोटऱ्या गेल्या! चिखलात राबलेला माणूस, ताप आणि दाबल्यावर दुखणाऱ्या पोटऱ्या म्हटलं की इथे लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, आधी आठवला पाहिजे. पुढच्या दवाखान्यातला डॉक्टर तुझा कागद वाचणार, त्याला सगळं अंग दुखणारा आणखी एक पेशंट दिसणार. "डोळे आलेत" म्हणाला, तर सकाळी चिपडं येतात का, पापण्या चिकटतात का, ते विचार. नुसतेच लालभडक असतील तर परत लेप्टोच. लघवी कमी झालीय का, हेही त्याच दमात विचार.

म्हणून वरच्या ओळीत पेशंटचा शब्द जसाच्या तसा, अवतरणात. त्याखाली तुझी संज्ञा. एका मोठ्या इस्पितळात माझ्या अशा चिठ्ठीला हसले होते. हसू देत.

'पित्त' हा शब्द तर तुझी परीक्षाच बघेल. आंबट ढेकर म्हणजे पित्त, अर्धं डोकं दुखून उलटी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. गांधींवर आमसुलाचं पाणी लावून आले असतील तर ओरडू नकोस. श्वास लागतोय का, ओठ सुजलेत का, ते बघ. आणि घामाने भिजलेला माणूस छातीवर हात ठेवून "गॅस चढलाय" म्हणाला, तर अँटासिडच्या आधी ईसीजी.

उलट दिशेलाही हेच. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे" म्हटल्यावर चांगलं झालं म्हणून हात जोडणारी आजी मी पाहिली आहे. रोग सापडला की नाही, ते सरळ सांग. "उपाशीपोटी या" म्हटलंस तर चहाही नको, हे वेगळं सांग. चहाला इथे कुणी खाण्यात धरत नाही. गोळीची वेळ सांगताना 'ब्रेकफास्ट' नको, 'सकाळची पेज झाल्यावर' म्हण.

सिस्टरना सोबत घेऊन एक वही कर. पहिला शब्द मी देतो: 'उन्हाळी लागणे', म्हणजे लघवीला जळजळ. भर पावसातही लागते. बाकीची वही तुझी तू भर. आणि हो, रात्री बॅटरी घेतल्याशिवाय क्वार्टरबाहेर पाय टाकू नकोस.

तुझा,
सर